अमेरिकन गाडीची चाकं आणि आमचे भावजी

पसरणी घाटाच्या मधल्या एका वळणावर गाडीचं पुढचं डावं चाक निसटलं आणि गाडीच्या पुढं पळायला लागलं. गाडीत आम्ही तिघं होतो. माझे धाकटे दीर गाडी चालवत होते, त्यांच्या शेजारी गाडीच्या मालकीणबाई आणि मागं मी. गाडी अमेरिकन, तिचं स्टिअरिंग डाव्या हाताला. म्हणजे चाक गेलं ते भावजींच्याच अंगाकडचं, आणि दरीही त्याच अंगाला. गाडीचं नाक खाली बसलं, लोखंड डांबरावर घासायला लागलं, ठिणग्या उडाल्या. बाईसाहेब "काका! काका!" असं ओरडत होत्या. मी एका हातानं मांडीवरची स्ट्रॉबेरीची पाटी धरली, दुसऱ्या हातानं पुढची सीट. भावजींनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडं ओढून धरलं होतं, पण डोळे त्या पळणाऱ्या चाकावर होते. चाक रस्त्याच्या मधोमध, जराही न डगमगता, उतारानं चाललं होतं.

"बघा वैनी," भावजी म्हणाले, "कसं सरळ पळतंय! बॅलन्स बघा त्याचा!"

मग ते चाक कठड्यावर आपटलं, उडालं आणि दरीत गेलं. गाडी कठड्याच्या हातभर अलीकडं थांबली.

जीव जायच्या वेळेला चाकाचं कौतुक करणारा दुसरा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळायचा नाही. लोकांना गाडी दिसते, गाडीतली माणसं दिसतात, माणसांच्या अंगावरचं सोनं दिसतं. भावजींना फक्त चाक दिसतं. बाकी सगळं चाकावर ठेवलेलं सामान, अशी त्यांची समजूत आहे, आणि त्या सामानात मीही आले.

मी लग्न होऊन कुंडलला आले तेव्हा भावजी सहा वर्षांचे होते. घरात सासू नव्हती. त्यांचं नाक मी पुसलं, त्यांना शाळेत मी नेऊन बसवलं, आणि शाळेतून ते पळून आले की परत नेऊन बसवलंही मीच. शाळा चुकवून ते जायचे कुठं, तर सुताराच्या मेटावर, त्याच्या कामाच्या जागेवर. बैलगाडीच्या चाकाला तापवलेली लोखंडी धाव चढवताना बघायला. धाव लालभडक करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा, लोखंड आवळायचं, लाकूड करकरायचं. ते करकरणं ऐकून भावजी सांगायचे, हे चाक टिकंल, हे न्हाई टिकणार. सुतार चिडायचा, पण त्यांनी नाही टिकणार म्हटलेलं चाक दिवाळीपर्यंत दुरुस्तीला परत यायचं. बैलगाड्यांच्या शर्यतीला गाव लोटायचं. लोक बैलांची वशिंडं बघायचे, हे जमिनीला कान लावल्यासारखे वाकून छकड्याची चाकं बघायचे.

पुढं ते फौजेत गेले, तिथंही गाड्यांच्या वर्कशॉपातच. घरी पत्र यायचं त्यात खुशालीची एक ओळ आणि बाकी सगळी ट्रकची चाकं. बर्फात कोणता टायर घसरतो, वाळूत हवा किती कमी करायची. मी चौथीपर्यंत शिकलेली. ती पत्रं मी माझ्या मालकांना, भावजींच्या थोरल्या भावाला, वाचून दाखवायचे, आणि मालक म्हणायचे, "पोरगं सुखात हाय म्हणायचं." हवालदार होऊन ते परत आले. लग्नासाठी तीन ठिकाणी मुली बघायला गेलो. तिन्ही ठिकाणी त्यांनी मुलीपेक्षा दारातली गाडी जास्त वेळ बघितली. चौथ्या ठिकाणी मीच गेले नाही. ते तसेच राहिले.

माझे मालक मिरजेच्या दवाखान्यात वारले. त्यांना घरी आणायला गाडी आली. रडारड चालली होती, आणि भावजी गाडीभोवती एक फेरी मारून ड्रायव्हरसमोर उभे राहिले.

"मागल्या उजव्या चाकात हवा कमी हाय."

"काका, जाईल की. पन्नास किलोमीटर तर हाय."

"माझ्या भावाला असल्या चाकावर न्यायचं न्हाई."

मालकांना खाली ठेवून आम्ही सगळे पाऊण तास थांबलो. हवा भरून आली. मग गाडी निघाली. नातेवाइकांनी नावं ठेवली. प्रवास मात्र सगळा एकही धक्का न बसता झाला.

नातीच्या लग्नाच्या वेळची गोष्ट तर आमच्या पैपाहुण्यांत अजून सांगतात. मुलगा आष्ट्याचा. घर चांगलं, ऊस चांगला, मुलगा उंचापुरा. दारात मोठी पांढरी गाडी. आम्ही बायका आत गेलो, पोहे आले. भावजी बाहेरच. मुलाचे वडील बोलवायला गेले तर हे गाडीच्या चाकाशी उकिडवे.

"पाव्हणं, चहा घ्या की."

"घेतो. आवं, ह्या चाकाला नट किती हायत?"

"आसतील की पाच."

"आसतील न्हाई. मोजा."

मुलाच्या वडिलांनी मोजले. "चार हायत. एक पडला आसंल."

"कवा?"

"काय की. दसऱ्याच्या आधी कवातरी."

भावजी उठले, पँट झटकली आणि दारातूनच हाक मारली, "वैनी, चला. चार महिनं चार नटावर बायकापोरं फिरवत्यात ही माणसं."

मी पोह्याची बशी ठेवली आणि उठले. सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नात पुढं दुसरीकडं दिली. तो जावई गाडीचे नट आवळून असतो, पण घरात दिवसाला चार शब्दांपेक्षा जास्त बोलत नाही. नात म्हणते, "आज्जी, त्या आष्ट्याच्याला एक नट विकत आणून दिला असता तर चाललं नसतं का?" तिचंही बरोबर आहे.

आता त्या अमेरिकन गाडीबद्दल सांगते. फौजेतून आल्यावर भावजी पाचगणीला एका बंगल्यावर कामाला लागले. बंगल्याच्या साहेबांच्या वडिलांनी ती गाडी बोटीनं आणलेली. दोन दारं, लांबलचक नाक, आठ सिलिंडर, रंग गर्द हिरवा. सुरू केली की तिच्या आवाजानं खिडकीतली भांडी थरथरतात. अमेरिकेत ती शर्यतीत पळालेली, असं साहेब सांगायचे. गोल रिंगणातली शर्यत नव्हे. चढउताराच्या, वळणावळणाच्या रस्त्यावरची. पाचगणीला पावसाळ्यात चार महिने धुकं. पत्र्याला गंज, गादीला बुरशी. साहेब थकले तेव्हा म्हणाले, "हवालदार, हिला तुमच्याकडं घेऊन जा, तिथं ऊन तरी लागेल." आमचा गोठा तेव्हा रिकामाच होता, बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला. गाडी गोठ्यात आली ती वीसेक वर्षं तिथंच राहिली. मधल्या काळात साहेब वारले, तरी कुणी न्यायला आलं नाही.

गाडीबरोबर चाकंही आली. एकदोन नाही, चार-चार चाकांचे तीन जोड. गोठ्याच्या भिंतीला खुंट्या मारून भावजींनी ती टांगली. माझ्या घरात देवांच्या तसबिरी आठ आहेत आणि चाकं बारा होती. येणाऱ्या जाणाऱ्याला भावजी ती दाखवायचे, आणि प्रत्येकाला ऐकून घ्यावं लागायचं. पहिला जोड पोलादी, गाडीच्या जन्माचा, काळा, साधा. "हे खड्ड्यात पडलं तर वाकतंय, पण तुटत न्हाई. ठोकून सरळ करा, पुन्हा चालू. पण लय जड. बैलाच्या पाठीवर पोतं ठेवलं तर बैल पळंल. पायाला दगड बांधला तर पळंल व्हय? चाकाचं वजन ते पायातलं वजन." दुसरा जोड तारांचा, सायकलीसारखा, चकचकीत. तो साहेबांनी हौसेनं घेतलेला. भावजी त्याच्याकडं बोट न दाखवता नुसती मान उडवायचे. "ह्यो लग्नातला फेटा. फोटोपुरता. एवढं मोठं इंजिन, वळणावर सगळा जोर तारांवर. चार वळणात ढिल्या." तिसरा जोड खरा शर्यतीचा, मॅग्नेशियमचा. दिसायला मळकट, राखेच्या रंगाचा, पण हलका असा, की त्यातलं एक चाक सत्तरीत मी एका हातानं उचललं होतं. त्या जोडाजवळ आल्यावर भावजींचा आवाज खाली यायचा. "शर्यतीवाली माणसं हेच घालायची. पण ह्यो धातू म्हातारा झाला की आतनं तडकतो आणि बाहेर काय सांगत न्हाई."

तडकलेलं चाक ओळखायचं कसं, ते माझ्याकडूनच शिकलेले. लहानपणी बाजारात माठ घेताना मी बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायचे. चांगला माठ खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. भावजींनी चारही मॅग्नेशियमची चाकं तशी वाजवली. तीन खणखणली, एक बद्द वाजलं. त्या दिवसापासून तो जोड त्यांनी गाडीला लावला नाही. पण तो धातू काय चीज आहे ते मला दाखवायची त्यांना हौस आली. बद्द वाजलेल्या चाकाचा चमचाभर कीस त्यांनी कानशीनं काढला, माझ्या भाकरीच्या तव्यावर ठेवला आणि काडी लावली. भर दुपारी स्वयंपाकघरात वीज पडल्यासारखा पांढरा उजेड झाला. शेजारची रखमा "आगं काय जळालं?" म्हणत पळत आली. मला अर्धा तास हिरवे ठिपके दिसत होते. तव्यावर जो पांढरा डाग पडला तो अजून आहे, आणि त्या जागी भाकरी करपते. भावजी म्हणाले, "बघितलं वैनी? असल्या चाकाला आग लागली तर पाण्यानं इजत न्हाई." मी म्हटलं, "तवा इजला माझा."

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग दोन वर्षांमागं साहेबांच्या मुलीला गाडीची आठवण झाली. पुण्यात राहतात, पन्नाशीच्या आहेत, स्वभावानं चांगल्या. आल्या, अंगणात खुर्चीवर बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "काका, गाडी आता पुण्याला नेते. तिथं एक वर्कशॉप आहे, ते सगळं नवीन करून देतील." मोबाईलवर त्यांनी फोटो दाखवला. तसलीच गाडी, पण चाकं केवढी तरी मोठी, आरशासारखी, आणि टायर पापडाएवढा पातळ.

भावजींनी फोटो लांब धरून बघितला. "बाईसाहेब, ह्या टायरला मांसच न्हाई."

"अहो, आता हीच फॅशन आहे."

"म्हशीला उंच टाचंचं सँडल घातल्यावानी दिसतंय. पलूसच्या रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात रिम चेपंल."

"पलूसला कशाला येईल ती? ती पुण्यात राहणार."

यावर भावजी गप्प झाले. मी त्यांना सहाव्या वर्षापासून बघते आहे. ते गप्प बसले की मला चैन पडत नाही. मीच बाईसाहेबांना म्हटलं, "वीस वर्षं सांभाळली त्यांनी. एकदम न्हेतो म्हणू नगासा." बाईसाहेबांनी थोडा विचार केला. दिवाळीनंतर पाचगणीला जुन्या गाड्यांचे हौशी लोक जमणार होते. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्हाला पटतील ती चाकं लावा. कुंडलहून पाचगणीला जायचं आणि त्याच दिवशी परत इथं यायचं, मी बरोबर असेन. तशी आली, तर तुम्ही आहात तोवर गाडी इथंच."

"आणि न्हाई आली तर?"

"तर पुण्याला."

"ठरलं," भावजी म्हणाले.

आता चाकं कोणती? पोलादी जड, तारांची नाजूक, मॅग्नेशियमची तडकलेली. भावजींनी महिनाभर जेवण अर्धंच केलं आणि शेवटी ठरवलं की चाकं नवीन ओतायची. शर्यतीच्या जुन्या चाकासारखीच, पण ॲल्युमिनियमची. गावातल्या सुताराकडून त्यांनी लाकडाचा नमुना करून घेतला. पाच आरे, दोन आऱ्यांच्या मधे एक नट. सुतार म्हणाला, "सहा आरं करू, दिसायला बरं." भावजी म्हणाले, "तुला दिसायला करायचं आसंल तर पाळणा कर." नमुना घेऊन ते कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत गेले, आणि मला बरोबर नेलं, कारण माठ वाजवण्यात माझा कान त्यांच्यापेक्षा बरा. फाउंड्रीतला माणूस म्हणाला, "काका, आम्ही एक्स-रे काढून देतो." भावजी म्हणाले, "काढा. आधी वैनी वाजवत्यात." मी पदरानं चाक पुसायचे आणि पेरानं वाजवायचे. कामगार काम सोडून बघत उभे राहिले. सात चाकं ओतली तेव्हा चार पास झाली. नापास केलेल्या तिन्हींत एक्स-रेनंही खोट दाखवली. त्या माणसानं मला चहा पाजला आणि नोकरीला येता का म्हणून विचारलं.

चाकं घरी आली ती आषाढात, बेंदराच्या तोंडावर. आमच्या भागात बेंदराला बैल धुतात, शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी चारतात. आमच्या दावणीला बैल नाही, पण भावजींनी बेंदूर कधी सोडला नाही. बैलाच्या जागी गाडी धुवायची, नाकावर हार घालायचा, नैवेद्य दाखवायचा. त्या वर्षी नवीन चाकं अंगणात पोत्यावर मांडली होती. भावजी मला म्हणाले, "वैनी, बाहेरच्या कडंला एक लाल पट्टा वडा, शिंगावानी. तेवढाच, बास." आणि ते हार आणायला पलूसला गेले.

मी पट्टे ओढले. डब्यात रंग अर्धा शिल्लक राहिला. उघडलेला ऑइलपेंट ठेवला की वर साय धरतो आणि वाया जातो. आमच्याकडं शिंग रंगवायचं तर मुळापासून रंगवतात, नुसतं टोक रंगवलेला बैल भिकाऱ्यासारखा दिसतो. म्हणून मी चाकं पालथी केली आणि मागची मधली गोल जागा, जिथं चाक गाडीच्या लोखंडाला टेकतं ती, चांगली तीन हात देऊन रंगवली. भावजी आले. चाकाशी उकिडवे बसले. त्या लाल जागेवर त्यांनी बोट टेकवलं, बराच वेळ टेकवून ठेवलं. मग म्हणाले, "लय झ्याक झालंय वैनी."

मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाच्या कामाला झ्याक म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

पावसाळाभर गाडी गोठ्यातच होती. दिवाळीनंतर निघायचं ठरलं, तेव्हा भावजी मला किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर घेऊन गेले. मी भरले बावन्न किलो. म्हणाले, "बराबर. मी आणि बाईसाहेब पुढं. मागं उजव्या अंगाला मला पन्नास किलो पायजेच हुतं." मी म्हटलं, "ज्वारीचं पोतं टाका की." म्हणाले, "पोतं वळणावर घसरतं. तुमी धरून बसता." दुकानात गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. अशा रीतीनं मी पाचगणी बघायला निघाले.

गाडी पळाली मात्र छान. एवढी जुनी गाडी, पण कऱ्हाडपर्यंत पोटातलं पाणी हललं नाही. भावजींचं एकच चाललं होतं. कऱ्हाडला उतरले, लांब दांड्याचा पाना काढला, वीसच्या वीस नट आवळले. साताऱ्याला पुन्हा. वाईला घाट चढायच्या आधी पुन्हा. बाईसाहेब हसायला लागल्या. "काका, नटांचा जीव जाईल की हो." भावजी हसले नाहीत. मला वाटलं, गाडी जायच्या भीतीनं करतात.

पाचगणीला पंधरावीस जुन्या गाड्या उभ्या होत्या. कुणाला सोन्याच्या रंगाची चाकं, कुणाला आरशाची. आमची गाडी त्यांच्यात नवऱ्या मुलांच्या रांगेत एक पैलवान उभा राहावा तशी दिसत होती. हळूहळू लोक तिच्याभोवती जमले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी बघितलं की माणसं गाडीकडं न बघता चाकांकडं बघत आहेत. टोपीवाले एक गृहस्थ गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "हवालदारसाब, ऐसे व्हील्स कहाँ से मँगवाये? अमेरिका से?" भावजी छाती काढून म्हणाले, "कुंडल से." फोटो झाले. चाकाला हात लावून फोटो, चाकाशेजारी भावजींना बसवून फोटो. एकानं आऱ्यांची संख्या विचारली, त्याला अर्धा तास उत्तर मिळालं. बाईसाहेबांचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "काका, बाबा असते तर आज नाचले असते. खाली उतरलो की गाडी तुमची." मी स्ट्रॉबेरी घेतली. ऊन कलायच्या आत निघायचं म्हणून घाई झाली. त्या गर्दीत, त्या कौतुकात, भावजींनी पाना काढलाच नाही.

घाट उतरताना ब्रेकवर ब्रेक. ब्रेक तापले, त्यांच्याबरोबर चाकाची मधली जागा तापली. अर्ध्या घाटात भावजींनी एकदम मान तिरकी केली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"चाक बोलतंय," ते म्हणाले आणि त्यांनी वेग कमी करायला सुरुवात केली. बाईसाहेब म्हणाल्या, "काय म्हणतंय?" तेवढ्यात वळण आलं. पुढचं मी सांगितलंच आहे. वेग आधीच उतरवलेला होता म्हणून कठडा हातभर लांब राहिला.

आम्ही उतरलो. बाईसाहेब कठड्याला धरून उभ्या राहिल्या. भावजी गाडीच्या उघड्या पडलेल्या लोखंडाशी बसले. त्यावर लाल रंगाची सालं चिकटली होती, मऊ, तापलेल्या मेणासारखी. त्यांनी ती नखानं खरवडली आणि रुमालात घेतली.

"काय झालं काका?" बाईसाहेबांनी विचारलं.

"नट आवळायचा इसरलो. माझी चूक."

मी म्हातारी आहे, आंधळी नाही. मी वाकून बघितलं. "भावजी, ह्यो रंग माझा हाय."

"त्याचा काय संबंध न्हाई, वैनी."

"खोटं बोलू नगासा. रंग तापला, चेपला, नट ढिलं झालं. व्हय का न्हाई?"

ते रुमालाची टोकं जुळवायला लागले.

"तुमाला बेंदराच्या दिवशीच ठावं हुतं?"

"व्हय."

"म्हणून सारखं आवळत हुता?"

"व्हय."

"मग खरवडला का न्हाई?"

भावजींनी रुमालाची गाठ मारली. "तुमी लावला हुता. बेंदराचा. त्यो कसा खरवडायचा?"

"आणि दुसऱ्या कुणी लावला असता तर?"

"त्याचं हात मोडलं असतं."

बाईसाहेब एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. माणूस घाबरला की असं होतं. मी त्यांना स्ट्रॉबेरी दिली. मग मी त्यांना सरळ सांगितलं, "चूक माझी हाय. गाडी त्यांच्याकडंच राहू द्या." त्यांनी मान हलवली होती. त्या हो म्हणाल्या असत्या, मी त्यांचं तोंड बघत होते. पण भावजी उठून उभे राहिले, फौजेत राहायचे तसे ताठ.

"न्हाई बाईसाहेब. कुंडलला परत यायचं ठरलं हुतं, गाडी हितं घाटात बसलीया. रंग दिसत आसताना मी तुमाला आणि वैनीला त्या चाकावर बसवलं. असल्या माणसाकडं गाडी ठिवू नये. पुण्याला न्या."

"काका, मी काही म्हणत नाहीये."

"मी म्हणतोय."

आम्ही दोघींनी मिळून त्यांना समजावलं. गाडी कुंडलला न्यायला बोलावलेला ट्रक येईपर्यंत दोन तास होते, दोन तास समजावलं. ऐकलं नाही. रंग खरवडायला ज्यांचा हात धजला नाही, त्यांनी वीस वर्षांची गाडी एका वाक्यात सोडली. मला त्यांचा राग आला होता, आणि मी तो तिथंच बोलून दाखवला. ते म्हणाले, "वैनी, स्ट्रॉबेरी उन्हात ठिवू नगासा."

पुढच्या आठवड्यात गाडी पुण्याला गेली. न्यायला आलेल्या ट्रकची चाकं भावजींनी आधी तपासली, दोनांत हवा भरायला लावली, मगच गाडी चढवू दिली. बाईसाहेबांकडून एकच वचन घेतलं, की पापडाचे टायर लावायचे नाहीत, जन्माची पोलादी चाकं लावायची. त्यांनी ते पाळलं आहे. गोठ्यात आता बी-बियाणं ठेवतो. खुंट्या मी काढू म्हटलं तर भावजींनी काढू दिल्या नाहीत.

रविवारी सकाळी बाईसाहेबांचा फोन येतो. त्या मोबाईल चाकाजवळ धरतात आणि कुणीतरी हातोडीनं चाक वाजवतं. भावजी फोन कानाला लावून, डोळे मिटून, अंगणातल्या दगडावर बसतात. "तिसरं पुन्हा वाजवा," म्हणतात. "हां. बरं हाय. आता चौथं." मग फोन माझ्याकडं देतात, कारण कान माझा बरा आहे. मी ऐकते. खणखणीत असतं. तसं सांगितलं की ते उठून आत जातात. मी त्यांना ताट वाढून ठेवते.

घाटात काय झालं ते लोक अजून विचारतात, आणि दर वेळी गोष्ट थोडी वाढलेली असते. कुणी सांगतं गाडी दरीत गेली, कुणी सांगतं हवालदार गेले. तसं काही नाही. बाईसाहेब, भावजी आणि मी, तिघंही त्या घाटातून जिवंत खाली उतरलो.